अनवाणी आत येता येत नाही

वसुधाताई, तुम्ही गेलात म्हणून तुमचं म्हणणं खरं ठरत नाही, एवढं आधीच सांगून टाकते. मागच्या आठवड्यात कॉलेजच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली, आणि जो तो उठून तुमच्याशी सहमत होत होता. हयातभर ज्यांनी तुमच्या एकाही अर्जावर सरळपणे सही केली नाही, तेसुद्धा. एकाने तर तुम्हाला 'शांत आणि मृदुभाषी' म्हटलं. मी तोंडावर रुमाल धरला. शेजारच्या बाईंना वाटलं, रडतेय. प्रयोगशाळेतल्या त्या वाफेच्या ऑटोक्लेव्हचं झाकण कुणी वेळेआधी उघडायला गेलं की तुमचा आवाज खालच्या मजल्यावरच्या मराठी विभागात पोचायचा आणि तिथले सर खिडकी लावून घ्यायचे. मृदुभाषी म्हणे.

मलाही चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. आपली भांडणं चारचौघांत मांडायची नसतात, आणि भांडणं वगळून तुमच्याबद्दल बोलायचं तर माझ्यापाशी फार थोडं उरतं. म्हणून हे इथे, तुमच्याशीच बोलते.

मी शिकवायला रुजू होऊन पहिल्यांदा आपल्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा दाराबाहेर चपलांची रांग होती, देवळाबाहेर असते तशी. आत पोरं अनवाणी उभी. कुणाच्या हातात नुकत्याच उकळलेल्या, गार झाला की जेलीसारखा थिजणाऱ्या अगारची बाटली, कुणी कोपऱ्यात आम्ल मोजतंय. माझे वडील लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. कंपनीच्या बसमधून उतरून घरात पाऊल टाकेपर्यंत त्यांच्या पायांत जाड बूट असायचे. मे महिन्यात आम्ही बहिणी त्यांना हसायचो, तेव्हा ते म्हणायचे, ''बाटली पडते ती पायावरच पडते, बायांनो.'' ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मी तुम्हाला नमस्कार करायच्या आधी विचारलं, ''ही पोरं अनवाणी का?''

तुम्ही माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या बुटांकडे बघितलंत. ''अगो, त्या बुटांना माती किती लागलीय बघ. सड्यावरची, ह्या कातळमाळावरची लाल माती आत आली की माझ्या बाटल्यांत बुरशी धरते. पायातलं बाहेर.''

''आणि पायावर काही सांडलं तर?''

''सांडायचंच नाही.''

इथून आपलं जे सुरू झालं ते संपलंच नाही. तुमची बाजू मला कळत होती. इवल्याशा बाटलीत रोप वाढवायचं तर धुळीचा एक कणही चालत नाही, हे मीही शिकूनच आले होते. पण इथली पोरं काही बुरशीच्या भीतीने चपला काढत नव्हती. जिथे विद्या तिथे पायताण न्यायचं नाही, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. खेड्यातून आलेल्या पोरी पहिल्या दिवशी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायच्या, आणि तुम्हाला त्याचं कोण कौतुक. ''देवळासारखी वागतात ती खोलीशी, म्हणून जपून काम करतात,'' असं तुमचं म्हणणं. तुम्ही हेदवीच्या. मी एकदा चिडून म्हटलं होतं, ''ताई, तुमच्या दशभुज गणपतीला दहा हात आहेत, त्याच्या हातून काही सांडायचं नाही. आमच्या पोरांना दोनच आहेत.'' तुम्ही पोट धरून हसलात. नियम मात्र बदलला नाहीत.

मग मी दाराशी लाकडी मांडणी करून घेतली. पास होऊन जाणाऱ्या पोरांनी आपले कॅनव्हासचे बंद बूट धुऊन तिथे ठेवून जायचे आणि नव्यांनी ते फक्त आत घालायचे. बाहेरची माती बाहेर, आणि पायही झाकलेले. तुम्ही नाक मुरडलंत. ''दुसऱ्याच्या पायातलं कोण घालील?'' निम्मी पोरं माझं ऐकायची, निम्मी तुमचं. एका खोलीत दोन पक्ष, आणि दोन्ही पक्षांचे पुढारी दुपारी एकाच डब्यातून जेवणार. मी अजूनही म्हणते, ताई, तुमचं चुकत होतं.

तरी काम शिकले ते तुमच्याचकडून. विद्यापीठात मी मोठमोठी यंत्रं हाताळली होती, त्यामुळे आपला तो जुना, उभा ऑटोक्लेव्ह बघून मी मनातल्या मनात हसले होते. तुम्ही हाताची घडी घालून त्याच्यापुढे पहारा द्यायचात. दाबाचा काटा पार शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात नाही, मग प्राचार्य बोलवोत नाहीतर घरून फोन येवो. ''घरचा कुकरच आहे हा, फक्त माज जास्त,'' असं पोरांना सांगायचात. थेंब मोजायची मायक्रोपिपेट हातात दिलीत की माझ्या अंगठ्यावर तुमचा अंगठा ठेवून म्हणायचात, ''सावकाश सोड. घाई केलीस तर पाणी नाही, हवा मोजशील.'' तुमच्या काळी पिपेट तोंडाने ओढायचे. तुमच्या तोंडात एकदा काय गेलं होतं ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत, पण आत कुणी पेनाचं टोपण चावताना दिसलं तरी तुमचा चेहरा कसनुसा व्हायचा.

आणि ती सोलकढी. कुणा पोराने आपल्या डब्याबरोबरची सोलकढीची बाटली थंड राहावी म्हणून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवली. गुलाबी द्रव, वर नाव नाही, तारीख नाही. तुम्ही ती उचलून थेट ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जंतुक केलीत आणि मग मोरीत ओतलीत. पोरगा रडकुंडीला आला. ''बिननावाची बाटली म्हणजे विष,'' तुम्ही म्हणालात, ''आणि फ्रिजात खाणं ठेवलंस म्हणून आज तुझं खाणंही गेलं.'' मग व्हरांड्यात नेऊन स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला दिलीत. तो आता पुण्याला कुठल्याशा औषध कंपनीत आहे. तुमची बातमी कळल्यावर मला त्याचा फोन आला होता. अजून प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख घालतो म्हणाला.

कोकमावरून तर आपण कितीदा अबोला धरला. कोकमाचं झाड नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, बागायतदार वर्षानुवर्षं वाट बघतो आणि निघतो नर. चांगल्या मादी झाडाच्या कोंबापासून बाटलीत रोपं करायची, हा तुमचा ध्यास. दर वेळी कोंब बाटलीतल्या अगारच्या माध्यमात ठेवला की आजूबाजूचं सगळं तपकिरी पडायचं आणि कोंब मरायचा. मी म्हणायचे, पोरांना केळीवर शिकवा, केळीचं रोप चटकन येतं, पोरांना हुरूप येतो. तुम्ही म्हणायचात, ''जमतं तेवढंच शिकवायचं तर कॉलेज कशाला हवं?'' ताई, यावरही मी हटणार नाही. पहिल्या वर्षाच्या पोराच्या हाती मेलेला कोंब देऊन त्याला चिकाटी शिकवता येत नाही. तुम्हाला ते पटलं असतं की नाही, हे मला आता कधीच कळायचं नाही, आणि याचा मला राग येतो.

गेल्या वर्षी दर्शनाचा हात भाजला. जयगडची पोर, रोज यष्टीने येऊन-जाऊन करायची. तिने जंतू मारायला हातांवर स्पिरिट फवारलं आणि ते सुकायच्या आत दिव्याच्या ज्योतीजवळ हात नेला. स्पिरिटची आग उजेडात दिसत नाही; हात पेटलाय हे तिलाही क्षणभर कळलं नाही. मी दुसऱ्या टोकाला होते. मी पोचेपर्यंत तुम्ही ओलं फडकं तिच्या हातावर दाबून तिला नळाखाली नेलंही होतंत. शिपाई धावत टूथपेस्ट घेऊन आला, इथे सगळ्या घरांत भाजल्यावर तेच लावतात. तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्याने ट्यूब मुकाट खिशात घातली. ''पाणी. नुसतं पाणी. मी सांगेपर्यंत हात काढायचा नाही.'' दर्शना रडत होती आणि तुम्ही तिला गेल्या आठवड्यातल्या प्रयोगावरचे प्रश्न विचारत होतात, तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. मग रिक्षाने दवाखान्यात नेलंत. जखम वरवरची निघाली.

संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष, आपले भाऊ, आले. माणूस वाईट नाही, चांगला बागायतदार आहे, पण वर्तमानपत्राला घाबरतो. म्हणाले, ''वसुधाबाई, घरच्यांना सांगू या की कँटीनमध्ये चहा सांडला.''

''चहा स्पिरिटवर करत नाहीत, भाऊ,'' तुम्ही म्हणालात.

दर्शनाचे वडील आले तेव्हा तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत आणि स्वतः उभ्या राहिलात. हात सुकेपर्यंत थांबायचं हे पोरांना सांगितलं होतं, पण ती थांबली की नाही हे बघायला हवं होतं, ते बघितलं नाही, असं सरळ सांगितलंत. ते गृहस्थ मच्छीवाले, तावातावाने आले होते. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, ''पोरीची यष्टी चुकते म्हणून ती घायी करते, बाय. तेवढी घायी करू देव नका. बाकी मी काय बोलणार नाय.'' दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिच्या बॅचची वेळ अलीकडे आणलीत, आणि नियम केलात की सगळ्यांचे हात सुकले हे एकाने मोठ्याने म्हटल्याशिवाय दिवा पेटवायचा नाही. हा नियम तुमचा आणि माझा. त्यावर आपण भांडलो नाही.

पण संस्थेने रोगापेक्षा इलाज भयंकर काढला. प्रात्यक्षिकं बंद, पोरांना पडद्यावर दाखवा. भाऊ म्हणाले, ''पडद्यावर कोणी भाजत नाही.'' तुम्ही म्हणालात, ''पडद्यावर कोणी शिकतही नाही.'' मग तुम्ही ते वाक्य उच्चारलंत ज्यापुढे कुठलीही संस्था गप्प होते, कारण बाकी कुणाला ते म्हणायचं नसतं: ''जबाबदारी माझी.'' खोली उघडी राहिली. त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला आणि बाहेर आल्यावर मी तुमच्याशी भांडलेही. 'माझी' का म्हणालात? 'आमची' म्हणायला काय झालं होतं? तुम्ही म्हणालात, ''अगो, तुझी नोकरी अजून लांब आहे.'' वर पाठीवर थाप. मला ती थाप नको होती.

मग तुमचा आजार. कोल्हापूरच्या दवाखान्यातून फोन यायचा तो स्वतःच्या तब्येतीबद्दल नव्हेच. नर्सने वापरलेल्या सुईला परत टोपण लावलं, अशाने बोटाला टोचतं म्हणून तुम्ही तिची शिकवणी घेतलीत, हे मला कौतुकाने सांगितलंत. ''नवी आहे बिचारी, पण ऐकणारी आहे,'' म्हणालात. शेवटच्या फोनवर आवाज फार बारीक झाला होता. तुम्ही विचारलंत, ''ऑटोक्लेव्हची रबरी रिंग आली का?'' मी म्हटलं, ''आली, बसवली, वाफ गळत नाही आता.'' तुम्ही म्हणालात, ''बरं झालं.'' झालं, एवढंच. ताई, मला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी भांडावंसं वाटत नाही, हे मला सांगायचं होतं. एरवी माझी जीभ किती चालते, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी ती रबरी रिंगेवर अडकली.

आता शोकसभेतलं ऐका. सगळ्यांची भाषणं झाल्यावर भाऊ उठले आणि त्यांनी जाहीर केलं की आपल्या प्रयोगशाळेचं 'वसुधा स्मृतिदालन' होणार. यंत्रं घासूनपुसून काचेआड ठेवायची, भिंतीवर तुमचा मोठा फोटो, दारावर पितळी पाटी. पाहुणे आले की दाखवायचं. आणि प्रात्यक्षिकं? ती नव्या हॉलमध्ये, पडद्यावर. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. तुम्ही जिवंत असताना जे करायची त्यांची छाती झाली नाही, ते तुम्हाला हार घालून करायचं ठरलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं बघितली होती, भांड्याला हार घालणारी पहिल्यांदाच बघितली.

तुमच्यावरही रागावले मी. 'जबाबदारी माझी' म्हणालात, मग तुमच्याबरोबर ती जबाबदारीही गेली असं धरून चालले ना ते. घरी येऊन मी तुम्हाला मोठ्याने बोलले. आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाशी बोलतेस. म्हटलं, ताईंशी. ते परत कुकरकडे वळले.

दालनाच्या उद्‌घाटनाचा मुहूर्त काल सकाळचा होता. मी काय केलं, तर वेळापत्रकात होती तशी दुसऱ्या वर्षाची बॅच लावली. कटकारस्थान काही नाही, वेळापत्रक प्राचार्यांच्याच सहीचं. पेट्री प्लेटांत अगारचं गरम माध्यम ओतायचं होतं. गाळलेली हवा सोडणारा लॅमिनारचा पंखा सुरू केला, पृष्ठभाग पुसले, दर्शना मोठ्याने म्हणाली, ''सगळ्यांचे हात सुकले,'' तेव्हा दिवा पेटवला. तुमच्या पक्षातली पोरंसुद्धा काल बूट घालून आली होती. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

भाऊ आले ते पाटी, फोटो, हार, समई आणि पेढ्यांचे बॉक्स घेऊन. मागे संस्थेची चार माणसं. दाराशी त्यांनी अगदी भक्तिभावाने चपला काढल्या आणि अनवाणी उंबऱ्यावर पाऊल ठेवलं. मी आडवी आले.

''भाऊ, अनवाणी आत येता येत नाही.''

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ''अगो माधवी, वसुधाबाई तर चपला बाहेर काढायला लावायच्या.''

''लावायच्या. त्यावर आमचं भांडण होतं.''

''देवळासारखी ठेवली होती त्यांनी ही जागा.''

''देऊळ नाही हे. आत गरम अगार ओततायत पोरं, दिवा चालू आहे. यायचं तर बाजूच्या मांडणीतले बूट घाला, कोट घाला. समई आणि पेढे बाहेर ठेवा. आत ज्योत एकच, आणि खाणं अजिबात नाही.''

भाऊंनी मांडणीकडे बघितलं. पोरांचे धुतलेले, नाडीला गाठी मारलेले बूट. त्यांनी एक जोड उचलूनही बघितला, हे मी मानते. पाय मावेना. मागचा कुणीतरी म्हणाला की आजच्या दिवशी तरी प्रात्यक्षिक नको होतं, बाईंच्या आत्म्याला काय वाटेल. मी म्हटलं, ''बाईंच्या आत्म्याला माध्यम गोठून गेलेलं खपायचं नाही. तेवढं मला ठाऊक आहे.''

भाऊ जरा खालच्या आवाजात म्हणाले, ''माधवी, तू हुशार आहेस. उद्या परत कोणाचा हात भाजला तर? वसुधाबाई होत्या तोवर त्यांनी अंगावर घेतलं. आता कोण घेणार?''

हा प्रश्न खरा होता. तो उडवून लावण्यासारखा नव्हता, आणि मी तो उडवला नाही. ''भाजणारच नाही असं मी सांगणार नाही,'' मी म्हटलं. ''भाजला तर पहिल्यांदा पाण्याखाली धरू, मग घरी खरं सांगू, मग तुमच्याकडे येऊ. जबाबदारी आमची.''

''आमची म्हणजे कोणाची?''

''आत जे कोणी आहेत त्यांची. पहिलं नाव माझं लिहा.''

त्यांनी हातातल्या पाटीकडे बघितलं. पितळ चांगलं होतं, तुमचं नाव नीट कोरलेलं होतं, मला वाईट वाटलं नाही असं नाही. मग म्हणाले, ''फोटो तरी?'' मी म्हटलं, स्टाफरूममध्ये लावा, आम्ही सगळे रोज तिथे बसतो. ''बघू, मीटिंगमध्ये घेऊ,'' असं म्हणून ते चपला घालून गेले. पेढे व्हरांड्यातल्या बाकावर राहिले. मीटिंगमध्ये काय होईल मला माहीत नाही. काच बसवायला आले तर मी पुन्हा बॅच लावीन, आणि पुन्हा.

मी आत वळले, तर सगळी पोरं काम सोडून माझ्याकडे बघत उभी. अर्ध्या प्लेटा तशाच उघड्या. मी ओरडले, ''झाकणं लावा आधी. हवेत काय काय असतं, शिकलात ना?'' खालच्या मजल्यावर मराठीच्या सरांनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. पोरांनी झाकणं लावली. मला तेव्हा जे रडू आलं, ताई, ते शोकसभेत नव्हतं आलं. मी दर्शनाच्या हाती बाटली दिली, दाराबाहेर येऊन रडून घेतलं, हात धुतले, सुकेपर्यंत थांबले आणि परत आत गेले.